आईच्या पायातल्या चपला

परवा इथे परदेशात, आमच्या हिल्सबरोत, मी आणि माझी लेक कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला गेलो, तर ती जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन अनवाणीच आत शिरली. "पायात घाल आधी," मी जरा जोरातच म्हणाले. "मम, इट्स फाइन," ती म्हणाली. इथे खरंच कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र हातातल्या त्या चपला बघून आमच्या गावची पाटील आळी आठवली.

आमच्या वस्तीतल्या माणसांनी त्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायच्या, अशी रीत होती. माझा बी.ए.चा निकाल लागला आणि मी गावी आले, तेव्हा आई एसटी थांब्यावर न्यायला आली होती. घराण्यातली पहिली पदवी माझी. आळीच्या तोंडाशी आई सवयीने वाकली, चपला हातात घेतल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या खाली ठेवून पुन्हा पायात घातल्या.

ओट्यावरून म्हातारे पाटील म्हणाले, "काय गं सखू, पाय भाजत्यात व्हय?"

"न्हाय जी. पोरगी बी.ए. झाली," आई म्हणाली आणि चालत राहिली. टायरच्या चपला चटक चटक वाजत होत्या. पूर्ण आळी संपेपर्यंत तिने पाऊल भरभर उचललं नाही.

इतकी पुस्तकं वाचूनही माझ्यात ते धाडस आलं नव्हतं. ते अंगठा उठवणाऱ्या माझ्या आईत होतं.

घरी चालत येताना हे लेकीला सांगितलं. "आजी वॉजन्ट स्केअर्ड?" तिने विचारलं.

"घाबरली होती ना. तिने माझा हात धरला होता, आणि तिचा हात भर उन्हात गार पडला होता."