न पाहिलेली लाट

वासुभाऊ नसते, तर मी रत्नागिरीला परतलो असतो. आज कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला आणि नागपुरातली त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीची खोली आठवली.

मी तिथला नवा गिटारवाला. माझी शाळा अर्धवट सुटलेली, गाता येत नव्हतं; ऑर्केस्ट्रातून काढून टाकतील, ही धास्ती.

"काहून घाबरून राहिला गा? हे आयक."

वासुभाऊंनी अमेरिकेतल्या पहिल्या सर्फ बँडांची रेकॉर्ड लावली. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं ते संगीत. गायक नव्हताच! एकाच तारेवर हात असा सपासप फिरायचा, की गिटारीतून लाट फुटायची. मी थरारलो.

समुद्र न पाहिलेल्या वासुभाऊंनी विचारलं, "अशीच असते काय गा लाट?"

"अगदी अशीच."

"मंग उद्या कार्यक्रमाच्या सुरुवातीले हे तूच वाजव."

वासुभाऊ, एकदा तुम्हाला आमच्या किनाऱ्यावर नक्की नेणार.