परसातलं लॉन

मी देश सोडला त्या सकाळी आई दारात नव्हती. रस्ता अर्धवट उकरून ठेवलेला असल्यामुळे टॅक्सी घरापर्यंत येईना, म्हणून दादा माझी मोठी बॅग खांद्यावर टाकून पुढं निघाला होता. बाबा ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होते, "पासपोट घेतला का गं?" आणि आई मागं परसात. दोन-तीन हाका मारल्यावर पदराला हात पुसत आली. काखेत फडक्याचं गाठोडं. त्यात सांडगी मिरच्या आणि कडवे वाल.

"समदं आपल्या परसातलं हाय," ती म्हणाली. "लेकीच्या गाठोड्यात बाजारचं काय जाऊ ने."

आमच्या मुळशीकडं ही रीतच आहे. माहेरवाशीण परत निघाली की तिच्याबरोबर घरी पिकलेलं काहीतरी द्यायचं. मूठभर का होईना, पण घरचं. विकत आणून दिलं तर त्या घराचं आणि लेकीचं नातं आटलं, असं बाया म्हणतात. मला तेव्हा या सगळ्यापेक्षा बॅगेच्या वजनाची काळजी जास्त होती. मी कुरकुरत गाठोडं कोंबलं. आई रडली नाही. "गाडी चुकंल, जा," एवढंच म्हणाली, आणि मी चिखलातून उड्या मारत गेले.

तेव्हापासून मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला राहते. तुमच्यापैकी जे असे बाहेर आहेत त्यांना सांगायला नको, की पहिली दोन वर्षं माणूस कामात बुडतं आणि तिसऱ्या वर्षी त्याला घर आठवायला लागतं. इथं हिवाळ्यात ऑफिसातून निघताना अंधार असतो. घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी टेबलाएवढी. तिच्यात मी दरवर्षी कोथिंबीर पेरते, आणि ती दरवर्षी रुसते. खालच्या मजल्यावरच्या लोकांना मात्र मागं छोट्या छोट्या देखण्या बागा आहेत. गवत कंगव्यानं विंचरल्यासारखं, कडेनं फुलं, एक लाकडी बाक. मी वरून बघत बसते.

बाबा गेले, मग दोन वर्षांनी आई गेली. आईनंतर मला त्या परसाचं वेड लागलं असं म्हटलं तरी चालेल. आईची बाग, आईची बाग, असं मी सारखं म्हणायची. ती सुंदर करायची, जपायची, हा माझा ध्यास. माझ्या पायाखाली इथं वीतभर माती नव्हती. मग मी काय करणार? डिसेंबर आला की शनिवार-रविवार लॅपटॉप घेऊन बसायचं, फोटो जमवायचे आणि पुढच्या वर्षी बागेत काय काय बदलायचं ते ठरवायचं. मग दादाला व्हिडिओ कॉल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं. माझा उंट तर विमानाच्या अंतरावर उभा होता.

पहिल्या वर्षी मी न्हाणीच्या पाण्यावरचं अळू काढायला लावलं, डास होतात म्हणून. दुसऱ्या वर्षी शेवगा. त्याच्यावर सुरवंट चढतात आणि मला लहानपणापासून त्यांची किळस. मग घेवड्याचा मांडव, वालाची सरी आणि मिरच्यांचे वाफे गेले आणि तिथं लॉन आलं. कडेला बोगनवेल, बाक, भिंतीवर दिव्यांच्या माळा. दादा पिरंगुटजवळ कारखान्यात नोकरीला. तो सुट्टीच्या दिवशी राबायचा. कॉलवर म्हणायचा, "तू म्हणतीस तर करू की." आणि त्याच्यामागून वहिनी पडद्यात डोकं घालून म्हणायची, "चालतंय की, वन्सं. छान दिसंल."

छान दिसतही होतं. मी इथं मैत्रिणींना फोटो दाखवायची. दिवाळीला जमलो की सुट्टीला गेल्यावर वहिनीनं गाठोड्यात दिलेल्या सांडगी मिरच्या तळायची आणि सांगायची, "आमच्या परसातल्या आहेत बरं का. एकदम ऑरगॅनिक." हे वाक्य आता आठवलं की कान गरम होतात.

या दिवाळीला मी गेले. पुढच्या वर्षाचं सगळं फोनमध्ये तयार होतं. गोठ्याला लागून एक अरुंद पट्टी उरली होती. तिथं वहिनीचा दोडक्याचा वेल, कढीपत्ता, थोडा गवती चहा. तिथं मला छप्पर असलेली बैठक हवी होती, पावसातही बसता येईल अशी. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दादाला चित्र दाखवलं. तो मान हलवत राहिला. वहिनीनं चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "दोडका तसा बी यंदा किडलाच हुता."

भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघी तिच्या स्कूटीवरून पौडच्या बाजाराला गेलो. मला नुसतं फिरायचं होतं. डोंगरावरच्या वाडीतून आलेली एक म्हातारी मिरच्या घेऊन बसली होती. वहिनीला बघून तिनं हाक मारली, आणि मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "ह्याच व्हय तुमच्या परदेशातल्या नणंदबाई? ह्यांच्यापायीच नेता न्हवं दरसाली मिरच्या?" मग मलाच म्हणाली, "बाई, तुमची ही वयनी लई चिकित्सक. एकेक मिरची उलटीपालटी करून घेती. म्हणती, नणंदेला द्यायची हाय, डागाची नको."

"मावशे, तू माप कर आनि गप ऱ्हा," वहिनी म्हणाली. हसून म्हणाली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

शेजारच्या गोणपाटावर वाल होते. तिनं ते मात्र घेतले नाहीत, घ्यायचे होते तरी. माझ्यासमोर कसे घेणार?

परत येताना मी मागं बसले होते. तोंडासमोर तोंड नसलं की बोलणं सोपं जातं.

"वहिनी, कधीपासून?"

"काय कदीपसनं?"

"मिरच्या."

पुढं म्हैस आडवी आली. तिनं हॉर्न वाजवला, म्हैस जाऊ दिली. "लॉन केल्यापसनं," ती म्हणाली.

"आणि वाल?"

"वाल बी."

"मग मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं? तुमी तितनं एवढ्या हौशीनं फोटू धाडायचा. आनि माहेरवाशिणीला कुन्या तोंडानं सांगू, तुमच्या माहेरी आता मिरच्या हुईत न्हाईत म्हणून? आत्याबाई असत्या तर त्यांनी बी हेच केलं असतं." जरा वेळानं, माझी समजूत घालायला म्हणून पुढं म्हणाली, "मसाला म्याच भरते, वन्सं. उन्हात बी म्याच घालते. तेवढं घरचंच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चिडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मीही चिडले असते, दोघींनी अबोला धरला असता, नणंद-भावजयीत ते शोभून दिसतं. पण तिच्या आवाजात रागच नव्हता. उलट आपली चोरी पकडली गेली म्हणून तीच ओशाळली होती. मी तिची बाग उकरून टाकली, वर माझं माहेर आटलं असं मला वाटू नये म्हणून ती ते बाजारातून विकत आणून माझ्या गाठोड्यात बांधत होती. आणि मी, वाफे मीच काढायला लावल्यावर मिरच्या येतात कुठून हे एकदाही मनात न आणता, ते परक्या देशात ऑरगॅनिक म्हणून मिरवत होते.

तिची बाग. हा शब्द त्या स्कूटीवर पहिल्यांदा माझ्या मनात आला. आईचे गुडघे गेले होते ते मी निघाले त्याच्याही आधी. ती परसात जायची ती खुर्ची टाकून बसायला आणि सूचना द्यायला. खणायची वहिनी, वाफे ओढायची वहिनी, मिरच्या तोडायची वहिनी. मी गेले त्या सकाळचं गाठोडंही तिच्याच हातचं असणार. बाबा ओट्यावर होते, दादा रस्त्यावर, आई परसातून आली, हे सगळं मला आठवतं. वहिनी कुठं उभी होती ते आठवत नाही. खूप आठवून बघितलं. नाही आठवत.

घरी आल्यावर चहाला बसलो आणि मी एका दमात जाहीर करून टाकलं. बैठक रद्द. लॉनही काढायचं. पुढच्या वर्षी पुन्हा मिरच्या, वाल, घेवड्याचा मांडव, अळूसुद्धा. सगळं आईच्या वेळी होतं तस्संच. बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं, हे कबूल करायला हवं. आपण केवढी मोठी चूक केवढ्या मोठ्या मनानं सुधारतोय!

दादानं बशी खाली ठेवली. तो सहसा मला बोलत नाही. "वैशे," तो म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून लावलं. आता तू म्हणालीस म्हणून उपटायचं?"

मी वहिनीकडं बघितलं. ती माझ्या मदतीला येईल असं वाटलं होतं. ती कप गोळा करत होती.

"वहिनी, तुला काय पाहिजे तिथं?"

हातातले कप तसेच धरून ती उभी राहिली. प्रश्न मला किती सोपा वाटला होता! ती मात्र अवघड हिशेब घातल्यासारखी बघत होती.

"मला व्हय?" ती म्हणाली. "इचार करावा लागंल. आजवर कुनी इचारलं न्हाई, मग म्या बी केला न्हाई."

आणि भांडी घासायला निघून गेली. दादा उगाच टीव्ही लावून बसला. मी परसात जाऊन त्या बाकावर बसले. समोर माझं लॉन, एकदम नेटकं. त्याला कोण पाणी घालतं, कोण कापतं, हेही मी कधी विचारलं नव्हतं. खाली बघवेना आणि घरात जाववेना.

निघायच्या दिवशी तिनं गाठोडं दिलं, नेहमीसारखंच नीट गाठ मारलेलं. फक्त या वेळी "घरचं हाय" असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. दादा गाडीपर्यंत आला, वहिनी दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत, डाव्या बाजूला, एक हात चौकटीवर. या वेळी मी नीट बघून घेतलं.

परत आल्यावर डिसेंबर आला, तसा लॅपटॉप उघडायचा मोहही आला. उघडला नाही म्हणून काही मोठं केलं असं नाही. शनिवारी हात शिवशिवायचे. खालच्या बागांमध्ये लोकांनी पानं गोळा केली, कुंड्या झाकल्या. फोनवर वहिनी भाताबद्दल बोलायची, दादाच्या पाळ्यांबद्दल बोलायची. परसाचा विषय निघत नव्हता. मला वाटायला लागलं, ती विसरली. किंवा तिला काहीच नकोय, आणि मी मनातल्या मनात परत मिरच्या लावायला लागले.

मग परवा तिचाच फोन आला. दादाला लावायला न सांगता, तिनं स्वतः लावलेला पहिला व्हिडिओ कॉल. आधी बराच वेळ मला तिचं कपाळ आणि छत दिसत होतं.

"वन्सं, तुमी इचारलं हुतं न्हवं, त्याचा इचार केला. अर्धं लॉन ठिवते."

"ठेवतेस?"

"व्हय. सांजच्याला काम झाल्यावर त्याच्यावर पाय सोडून बसाया बरं वाटतंय. तुमाला म्हणून न्हाई सांगत, खरंच बरं वाटतंय. उरलेल्यात मिरच्या घालीन थोड्या. लई न्हाईत. ते आत्याबाईंचं समदं आता परत करायचा मला कटाळा आलाय." मग म्हणाली, "आनि न्हाणीच्या पान्यावर सोनटक्का लावनार हाय."

"सोनटक्का?"

"माज्या माहेरी हुता. भऱ्याला. न्हाणीमागं निस्तं रान माजल्यालं. भादव्यात रोज एक फूल डोक्यात घालून साळंत जायची मी. आता तितं भावांनी खोल्या काडल्यात, कंपनीतल्या कामगारास्नी भाड्यानं दिल्यात. गड्डं कुटं तरी मिळंल, शोधते."

एवढ्या वर्षांत मी कधी तिला तिच्या माहेराबद्दल विचारलं नव्हतं. भरे आमच्यापासून असं किती लांब? जीपनं सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. पण तीही एक दिवस तिथलं सगळं सोडून आमच्याकडं आली होती, आणि आल्या दिवसापासून दुसऱ्याच्या सांगण्यावरून माती उकरत राहिली होती. आधी आईच्या, मग माझ्या. घर सोडल्याचं दुःख हा फक्त माझाच मक्ता आहे असं मी समजत होते. मी त्याच्यावर लेख लिहिते, तिला साधं एक झाड लावायला एवढी वर्षं लागली.

"कुटं लावू, न्हाणीला चिकटून का जरा हटून?" तिनं विचारलं.

ओठांवर उत्तर तयार होतं. जागा, ऊन, अंतर, सगळं. मी ते गिळलं.

"तू बघ," मी म्हणाले. "आणि वहिनी, गणपतीला यायचं म्हणतेय मी. आले तर चालेल का?"

आजवर मी तिकिटं काढून तारीख कळवत आले. तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला, परत मला छतच दिसलं. तेवढ्यात मला उगाच वाटून गेलं, की ती नाही म्हणू शकते. आणि तिनं तसं म्हटलं तर माझ्याकडं बोलायला काही नाही.

"या की," ती म्हणाली. "तवर फुलं आली असतील."

कुणी विचारलं तर मी अजूनही सांगेन, माझं घर मुळशीला आहे. पण आता मला माहीत आहे, की ते घर वहिनीचं आहे, आणि ती मला या म्हणते.