अकोल्याचा पहिल्या नंबरचा रुपया

नवे पैसे बाजारात रुळले होते आणि जुने चांदीचे रुपये दिसेनासे झाले होते, तेव्हाचा हा प्रवास. मी अमरावतीला राजापेठेत राहायचो, ऑफिसला पायी जायचो. सायकलीसाठी थोडे पैसे साठले होते. तेवढ्यात कळलं, अकोल्याला एका धर्मशाळेत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे आणि विक्रीही आहे. मी जमवलेल्या राणीछाप रुपयांच्या रांगेत एकाच सालाची जागा रिकामी होती. सायकल राहिली बाजूला, मी निघालो.

"रुपये देऊन रुपयाच आणता ना? मंग फसू नका," बायको दारातून म्हणाली.

मला हे सांगायची गरज नव्हती. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून पाहणारा माणूस मी.

रेल्वेने जायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे, म्हणून सकाळची एस.टी. धरली. रस्ता खडबडीत, त्यात कापसाच्या बैलबंड्या आडव्या आल्या की गाडी थांबायची. तुम्ही आज निघालात तर भुर्रकन पोहोचाल. मूर्तिजापूरला गरम भजी खाल्ली. शेजारच्या पागोटेवाल्याने विचारलं, "कुठी चाल्ले भाऊ?"

"लग्नाले."

"कोणाच्या?"

याला काय करायचंय? खिशावर हात ठेवून मी अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

धर्मशाळेच्या पडवीत सतरंज्यांवर विक्रेते बसले होते. नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीच्या बंद पाकिटात, वरून पारदर्शक कागद चिकटवलेला, त्यावर नंबर. राणीच्या केसांची बट न बट दिसली की पहिला, झिजली की दुसरा, चेहराच पुसट झाला की तिसरा. आणि नंबर देणार कोण? विकणाराच! तिथेच माझं डोकं फिरलं.

मला हवा होता तो रुपया जाड चष्म्याच्या एका विक्रेत्याकडे सापडला. पहिला नंबर, काळा कुळकुळीत, पण केस स्पष्ट. कडा मात्र पुठ्ठ्यात दडलेली.

"पाकीट उघडून दाखवा," मी म्हणालो.

"काहून? हात लागला का नंबर उतरते."

"मग मी पाहू काय?"

"महिनाभर कोणालेही दाखवा. खोट निघाली तं पैसे वापस. पण पाकीट फुटलेलं मी घेत नाई, आताच सांगून ठेवतो."

बंद पाकिटातली खोट कोणाला दिसणार? मनात पाल चुकचुकली. पण ती रिकामी जागा डोळ्यांपुढून हलेना. घेतला.

परतीच्या गाडीत मला सगळेच खिसेकापू वाटत होते. घरी पोहोचलो तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आमच्या ओळखीच्या एका जाणकारांना रविवारी पाकीट दाखवायचं होतं. तोवर ठेवायचं कुठे? घरात विश्वासाचं माणूस एकच, म्हणून बायकोच्या हातात दिलं.

सकाळी आंघोळ करून आलो तर देवापुढे रुपया लखलखत होता.

"अवं, हे काय केलं?"

"घरात चांदी आली, देवापुढं काळी कशी ठेवू? चिंच लावून घासला."

"आणि पाकीट?"

"चुलीत टाकलं. कागदच तं होता."

मी चुलीत वाकून पाहिलं; नुसती राख. तिने रुपया उचलून कडेवरून बोट फिरवलं. राणीच्या डोक्यावर, कडेला, कानस मारल्याची खूण होती. पुठ्ठ्याआड आणि काळेपणात ती झाकून गेली होती.

"इथं कडी होती," ती म्हणाली. "माह्या आईच्या गळ्यात अशाच रुपयांची माळ होती."

म्हणजे माझा संशय खरा होता, आणि ज्याच्याशिवाय पैसे परत मिळणार नव्हते ते पाकीट चुलीत गेलं होतं. अख्ख्या अकोल्यावर संशय घेतला, तो चिंचेवर घ्यायचा राहिला. मला भयंकर राग आला, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून गिळला. आईची ती माळ कधीच मोडली गेली होती.

तिने सोनाराकडून पुन्हा कडी लावून घेतली आणि तो रुपया काळ्या दोऱ्यात ओवून आमच्या तान्ह्या मुलीच्या गळ्यात घातला. मी ऑफिसला पायीच जात राहिलो.

अकोल्याला जाऊन जुनी नाणी घेणार असाल तर जरूर घ्या, पण आधी कडा पाहा. माझ्या रांगेतली ती जागा आजही रिकामी आहे. मुलगी आता स्वतः आजी झाली. माहेरी आली की मी चष्मा लावून तिच्या गळ्यातला रुपया हातात घेतो आणि कडीखालची कानशीची खूण शोधतो. कोणी बदलला तर नाही ना?