टोचन न लावता घोडेगाव

"शनिवारी भंगारवाला येतोय. एकदा शेवटची पुसून घे तिला," दादा चहा पिता पिता म्हणाला. माझं टाळकंच सटकलं. पुसायची कसली, मी तिथल्या तिथे ठरवलं की ती अजून चालते हे दाखवायला शुक्रवारी गाडी घेऊन घोडेगावच्या बाजाराला जायचं.

गाडी म्हणजे आमच्या वडिलांची, अण्णांची, जुनी पेट्रोल पिकअप. अण्णांनी हिच्यातून कांद्यापासून नवरीपर्यंत सगळं वाहून नेलं. चौदा एप्रिलला तर मागच्या हौद्यात आमची अख्खी गल्ली उभी असायची. ते गेल्यावर ती नागापूरच्या घरी शेडमध्ये पडून राहिली. मी पंपाच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि दोन महिन्यांपूर्वी तिला पुन्हा उभी केली. तीस वर्षं टेस्टिंगला होते, पंप गळतोय का हे बघण्यात हयात गेली. म्हणून दादा जेव्हा म्हणाला की केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो, तेव्हा टाकीच्या झाकणाला मी स्वतः जाड रबराचं वॉशर कापून बसवलं. झाकणात एक बारीक भोक होतं, तेही बुजवलं. वास बंद! मी खूश.

त्यानंतर गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली आणि दोन्ही वेळा टोचन लावून, दुसऱ्याच्या गाडीमागे ओढत आणावी लागली. गल्लीत सगळे म्हणायला लागले, म्हातारी झाली आता. मला हा शब्द गाडीसाठीही चालत नाही आणि माझ्यासाठीही.

गाडी आम्हा दोघा भावंडांची, त्यामुळे करार झाला. नागापूर, घोडेगाव, सोनई, राहुरी, परत नागापूर. टोचन न लावता घरी आली तर राहील. टोचन लागलं तर भंगारवाल्याला चावी मीच द्यायची.

"मी शेजारी बसणार," दादा म्हणाला. "तुझा भरवसा नाही."

"बस की! पाण्याची बाटली तुझी तू आण."

सकाळी सातला निघालो. शेंडीवरून जेऊरकडे रस्ता छान आहे, पण मोठे ट्रक फार, जुनी गाडी असेल तर डावी बाजू सोडू नका. आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीच मेलाय, म्हणून मी खाचा पाडलेली बांबूची काठी ठेवते. इमामपूर घाटाच्या तोंडाशी तिने दोन ठसके दिले आणि बंद. शेजारून ट्रक धडधडत जात होते. मी झाकण उघडून काठी घातली, पेट्रोल भरपूर. मग फिल्टर काढून फुंकला, सेल मारला. चालू!

"फिल्टरमध्ये कचरा होता," मी ऐटीत म्हणाले. दादाने नुसतं 'हं' केलं.

पांढरीच्या पुलाजवळ पुन्हा तेच. तिथे भेळ खा, चाळीस रुपयांत पोट भरतं. शेजारच्या गॅरेजवाल्याने पेट्रोलचा पाइप काढला आणि दादाला सेल मारायला सांगितलं. थेंब नाही.

"ताई, पंप गेला. ह्याचा पार्ट कुटं मिळत न्हाई आता. इकून टाका."

"थांबा, पेट्रोल बघते," म्हणत मी काठी घातली. होतं. "दादा, आता मार परत."

पाइपमधून पेट्रोलची चांगली चिळकांडी उडाली.

"आयला! मगाशी तर नव्हतं!" गॅरेजवाला डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, उन्हाने पंप तापत असंल, वर ओलं फडकं टाका. फडकं टाकलं, गाडी निघाली. मला वाटलं, सापडलं दुखणं. कसलं काय!

घोडेगावच्या बाजारात बघण्यासारखं खूप आहे. म्हशी, गाई, बैल, आणि गिऱ्हाईक आधी जनावराचे दात बघतं, मग बोलतं. भाव तोंडाने सांगत नाहीत; दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा कळवायचा. मी चहा घेऊन परत आले तर आमच्या गाडीला टेकून एक दलाल उभा, त्याच्यासमोर दादा, आणि दोघांच्या हातांवर रुमाल!

मी चहा बॉनेटवर ठेवला आणि रुमाल ओढला. "काय चाललंय?"

"ताई, गाडी लई वयाची हाय," दलाल हसत म्हणाला. "दात बघून भाव करीत हुतो."

"दात माझे बघा! ही विकायची नाही."

"अगं, नुसतं विचारत होतो," दादा पुटपुटला. पेट्रोल पंपावर टाकी भरली, झाकण घट्ट लावलं आणि सोनईकडे वळले. रागात गिअरसुद्धा करकरत टाकला, गाडीची काही चूक नसताना.

सोनई सोडल्यावर राहुरीकडे जाताना दोन्हीकडे ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिथे ती तिसऱ्यांदा बंद पडली. मी काठी उचलली तर दादा म्हणाला, "आत्ता तर टाकी भरलीय, पेट्रोल काय बघतेस?" बरोबर होतं. मी फिल्टर फुंकला. ओलं फडकं टाकलं. अर्धा तास थांबले. सेल मारून मारून बॅटरी रडायला लागली, पण गाडी काही ऐकेना.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. चांगला माणूस. "ताई, साखळी हाय माज्याकडं. टोचन लावू का? राहुरीपत्तुर सोडतो."

दादा खाली उतरला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. "नंदा, बास झालं आता. तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण साखळी? नाही म्हणजे नाही! फिल्टर दोनदा झाला, फडकं झालं, मग सकाळपासून मी असं काय करत होते जे आत्ता केलं नाही? काठी. फक्त काठी घातली नव्हती.

मी झाकण फिरवलं. सुस्स करून टाकीने हवा आत ओढली. सकाळी ट्रकांच्या आवाजात हे ऐकूच आलं नव्हतं. मी सेल मारला आणि गाडी सुरू!

मी कपाळावर हात मारला. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला नको? नाहीतर पंप ओढणार कसा? कारखान्यात हे नव्या लोकांना मी ओरडून ओरडून शिकवायचे, आणि स्वतःच्या गाडीचा श्वास मीच कोंडला होता. सकाळपासून काठीसाठी झाकण उघडत होते म्हणून ती चालत होती. फिल्टरने काही केलं नव्हतं, फडक्यानेही नाही.

"दादा, गाडीत काही बिघाड नाही. चूक माझी. मागची दोन्ही टोचनंसुद्धा माझीच," मी म्हणाले. लाज वाटली, पण त्याहून आनंद मोठा होता. वॉशर उपटून पर्समध्ये टाकलं, सेफ्टी पिनने भोक मोकळं केलं. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "साखळी ठेवा भाऊ, दुसऱ्या कुणाला लागेल."

राहुरीत जेवलो. मुळा धरण बघायचं होतं, पण मी गाडी वळवली नाही. तुम्ही वेळ काढून जा. विळद घाट ती एकदाही न ठसकता चढली. एका चकाचक गाडीने मागून हॉर्न वाजवला, तर मी आणखी जोरात वाजवला.

केबिनमध्ये पेट्रोलचा वास परत आला होता.

"वास येतोय," दादा म्हणाला.

"येऊ दे."

त्याने काच खाली करायला घेतली आणि अर्ध्यावरच सोडली. मग हळूच म्हणाला, "अण्णांच्या शर्टाला असाच यायचा."

मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बोलले असते तर रडले असते, आणि पुढे वळण होतं.

शनिवारी सकाळी भंगारवाला हातगाडी न आणता टेम्पो आणि दोन माणसं घेऊनच आला. दादा फाटकात आडवा उभा राहिला. शेडची जागा पिकअपला देऊन त्याने स्वतःची नवी कार बाहेर लिंबाखाली लावलेली, वर पक्ष्यांनी आपलं काम केलेलं.

"गाडी द्यायची नाही," दादा म्हणाला. "आमच्या अण्णांची आहे."

"आवो, मग मला बोलावलं कशाला? एवढं डिझेल जाळून आलो!"

त्याचं म्हणणं खरं होतं, रिकाम्या हाताने पाठवणं बरं नाही. मी पर्स उघडली आणि माझं वॉशर त्याच्या हातावर ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "भंगार एवढंच निघालं."