दारूचा रकाना

“मावशी, मिश्री लावता का?”

माझ्याबरोबर काम करणाऱ्या ऋचाने हे रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये विचारले. उभ्याने. हातातल्या टॅबवरून नजर न काढता. बाकावर बायका दाटीने बसल्या होत्या, त्यांच्यासोबत आलेले पुरुष भिंतीला टेकून उभे होते. मावशी म्हणजे माझी आई. तिचा डावा स्तन काही वर्षांपूर्वी काढला होता. उजव्याच्या तपासणीसाठी ती दरवर्षी येत असे.

“लावते,” आई म्हणाली.

“दारू?”

“नाय माय.”

“पाळी कितव्या वर्षी आली? पहिलं मूल कितव्या? पाडली किती?”

आईने ब्लाउजमधली कापडाची घडी पदराखाली दाबून धरली. तिचा आवाज प्रत्येक उत्तराला खाली जात होता. “मोठ्यानं बोला, मावशी.” भिंतीजवळचा एक जण हसला. मी केसपेपरच्या खिडकीपासून धावत आले. गळ्यात त्याच रुग्णालयाचे ओळखपत्र.

“आई, चल.”

ऋचा चपापली. “अगं, तुझी आई? आधी सांगायचंस ना, आत बसवलं असतं! ह्या बायकांना काही वाटत नाही गं, म्हणून इथंच उरकते.”

आई तपासणी न करताच निघाली. आम्ही रिक्षाने बजाजनगरला आलो. घराच्या दारात म्हणाली, “म्या नाय येणार आता तिथं.”

“उजव्या बाजूचं काय?”

“व्हईल ते व्हईल. भर बाजारात लुगडं फेडल्यावानी झालं माय.”

मी जैवसांख्यिकी, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचे शास्त्र, शिकले आहे. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांना पुढे दुसरा, नवा कर्करोग होण्याचा धोका कशाने वाढतो, हा आमच्या अभ्यासाचा विषय होता. वजन, तंबाखू, दारू, पाळी, बाळंतपणे, अंगावर पाजणे. ऋचा मुलाखती घेई. मी उत्तरे संगणकात भरून विश्लेषण करी. त्यामुळे आईने तपासणी सोडणे म्हणजे काय, हे मला नेमके ठाऊक होते. दुसरी गाठ उशिरा सापडणे.

आता हेव्याबद्दल लिहिते. तो मला ऋचाचा पहिल्या दिवसापासून वाटत होता. तिने माझे आडनाव विचारले, “अच्छा” म्हणाली आणि पुढे काही विचारले नाही, त्या क्षणापासून. तिचे वडील डॉक्टर, आमच्या विभागप्रमुख सरांचे वर्गमित्र. सरांच्या खोलीत ती दार न वाजवता जाई. माझ्या आलेखांवर ती परिषदेत बोलून आली. तिच्या इंग्रजीचा, तिच्या निवांत चालण्याचा, चूक झाली तर हसून मोकळे होण्याचा मला हेवा वाटे. माझी चूक ही माझ्या सगळ्या वस्तीची चूक ठरत असे. तिची फक्त तिची.

तिच्या आईलाही हाच आजार होऊन गेला होता. माझ्या आईच्या अपमानानंतर त्याच आठवड्यात त्या तपासणीला आल्या. मुलाखत सरांच्या खोलीत, पडदा ओढून, समोर चहा, शेजारी ऋचा. प्रश्न सर स्वतः विचारत होते आणि मी कोपऱ्यात बसून उत्तरे टंकत होते.

“वहिनी, ऋचा झाली तेव्हा तुम्ही पस्तिशीच्या ना?”

“हो. त्याआधी नोकरी होती, परदेशी प्रशिक्षण होतं.”

“करिअर! उगाच का आम्ही मान देतो?”

माझ्या आईचे पहिले मूल सतराव्या वर्षीचे. त्यावर ऋचाने शेरा दिला होता, “लवकर लग्न, अज्ञान.” वास्तविक या आजारापुरते बोलायचे तर लवकरचे बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांचे पारडे साधारणपणे स्त्रीच्या बाजूने झुकते. उशिराच्या बाळंतपणाचे तसे नाही. मिश्रीचा धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण इथे धोका शरीराला नव्हे, घराला पाहून ठरत होता. एकीचा इतिहास अज्ञान, दुसरीचा कर्तृत्व. मला ऋचाच्या आईच्या आजाराचाही हेवा वाटला. त्यांच्या आजाराला सगळे दुर्दैव म्हणत होते.

“आता दारूचा प्रश्न. तो काय तुम्हाला विचारायचा!” सर हसले.

“नाही, म्हणजे क्लबमध्ये कधी...”

“आई!” ऋचा म्हणाली.

“नाही लिहा,” सरांनी मला सांगितले.

माझी बोटे थांबली. न विचारलेला प्रश्न आणि ‘नाही’ हे उत्तर, यांतला फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. मी ‘नाही’ टंकले नाही. तो रकाना रिकामा ठेवला. मग जुन्या मुलाखतींबद्दल ऋचाला विचारले. ती सहज म्हणाली, “चांगल्या घरच्या बायकांना कुणी दारूचं विचारतं का? मी सरळ नाही टाकते.”

पुढच्या बैठकीत सरांनी निष्कर्ष वाचला. सुशिक्षित कुटुंबांत दारूचा धोका नाही, वस्त्यांमध्ये व्यसनांबाबत जागृती हवी. तेवढ्यात त्यांना तो रकाना दिसला.

“हे रिकामं का?”

“विचारलंच नाही, सर. बाकीच्या ‘नाही’सुद्धा विचारून आलेल्या नाहीत. हा निष्कर्ष काढता येत नाही.”

“आमच्या घरच्या बायकांना दारू पिता का, हे तू विचारणार?”

“हो. माझ्या आईला विचारलं तसं. फक्त कॉरिडॉरमध्ये नाही.”

ऋचा खाली पाहत होती. सर शांतपणे म्हणाले, “तुला हेवा वाटतो. बाकी काही नाही.”

“वाटतो, सर. खूप वाटतो. त्यानं निष्कर्ष बरोबर ठरत नाही.”

दुसऱ्या दिवशी मला कामावरून कमी केले. शोधनिबंधातून माझे नाव गेले. मला त्याचे वाईट वाटले, अजून वाटते.

आई खूश झाली. “बरं झालं. आता तू बी नगं जाऊ, म्या बी नाय जात.”

तेव्हा मला तिचाही राग आला. मी तिला स्पष्ट सांगितले, “तू गेली नाहीस तर त्यांचं काहीही बिघडत नाही. गाठ तुझ्या अंगात वाढेल, त्यांच्या नाही.” ती भाकरी थापत राहिली.

मी दुसऱ्या रुग्णालयात तिची वेळ घेतली आहे. ती नको म्हणेल, मी नेईन. तिथे कुणी चारचौघांत तिला तिच्या अंगाविषयी विचारले, तर तिथल्या तिथे भांडेन, आणि तपासणी करूनच परतेन. पीएच.डी. याच विषयावर करणार आहे. हेवा सोडणार नाही. त्यांच्याकडे जे आहे ते मला हवे आहे, माझ्यासाठी आणि आईसाठी, पूर्ण. घरी बसून मरणे हा निषेध आम्ही करणार नाही. आम्ही जगून भांडणार आहोत.