लीलाबाईची झोप आणि धुऱ्यावरचा मोह

लीलाबाईची झोप एके काळी गावात नावाजलेली होती. कोहमाऱ्याच्या नाक्यावरून आत वळलं की लागणारं हे लहानसं गाव. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न रात्रभर घरात ऐकू येतात. नवीन पाहुणा पहिल्या रात्री तळमळतो, पण लीलाबाई नवरी होऊन आली त्याच रात्री घोरली, असं तिचा नवरा भोजराज आजही चारचौघांत सांगतो. ती वरातीत डीजेच्या गाडीला टेकून झोपली आहे, धानाच्या पोत्यांवर ट्रॉलीत झोपली आहे. भाच्याच्या लग्नात तर पहिल्या रांगेत, मुठीत फुलांच्या पाकळ्या घेऊन, बाई गाढ! पाकळ्या उधळायची वेळ आली तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या चंदाने तिचा हात धरून हलवला आणि तिच्या वाटचा आशीर्वाद देऊन टाकला.

ही चंदा म्हणजे तिची भिंतीपलीकडची शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आल्या. चंदाच्या घरी मारुतीला नारळ फुटतो, लीलाबाईच्या घरचे विहारात जातात, पण लोणच्याची बरणी मात्र दोन्ही घरांत एकच. रोज सकाळी चंदा भिंतीवरून ओरडायची, "लीलेऽ, उठली का व?" आणि ती ओरडल्याशिवाय लीलाबाई कधी उठली नाही.

तर अशी ही झोप पन्नाशीच्या तोंडावर एक दिवस उठून चालती झाली. जाताना सांगून गेली नाही. रात्री अंथरुणावर पडलं की अंगात चूल पेटावी तसं व्हायचं, मानेवरून घाम निघायचा, ती ब्लँकेट फेकून द्यायची. दोन घटकांनी थंडी वाजायची, की तेच ब्लँकेट पुन्हा शोधायची. ते तोवर भोजराजने आपल्याभोवती गुंडाळलेलं असायचं. तो निवांत घोरत असायचा आणि तिला त्याचा असा राग यायचा, की उगाच उठून भांडी आपटावीशी वाटायची. एकदोनदा आपटलीसुद्धा.

भोजराजचं नाक्यावर टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्याच्याजवळ प्रत्येक दुखण्यावर एक उपाय असतो आणि तो बहुतेक ट्रकाशी संबंधित असतो. "आवाज आयकून ट्रक मोजत जा," तो म्हणाला, "दहा-बारा गेले का झोप लागते." लीलाबाईने मनापासून मोजले. झोप काही लागली नाही, पण हॉर्नवरून रायपूरकडची गाडी कोणती आणि नागपूरकडची कोणती हे तिला ओळखू यायला लागलं. पोरगी साक्षी नागपूरला नर्सिंग शिकते. तिने फोनवर तळपायाला तेल चोळायला सांगितलं. ते लीलाबाईने चोळलं आणि रात्री पाणी प्यायला उठताना फरशीवर अशी घसरली की चार दिवस लंगडली. विहारात भंतेजी म्हणाले, श्वासाकडे लक्ष द्या. तिने दिलं. पण शेजारी भोजराजचा श्वास एवढा मोठ्याने चाललेला, की लक्ष आपल्या श्वासावरून सारखं त्याच्याच श्वासावर जायचं.

शेवटी गावातल्या आशा कार्यकर्तीने, गीताबाईने, तिला ओसरीवर बसवून नीट सांगितलं. "पाळी जाच्या दिवसात असं होते, वयनी. आंग तापते, घाम येते, झोप उडते. हा काई रोग नाई. लयच तरास झाला तर आपुन अर्जुनीच्या दवाखान्यात जाऊ. संध्याकाळचा चहा बंद करा. अन् दुपारी झोपू नका, नाईतर रातची झोप अजून पयते."

लीलाबाईला हे ऐकून निम्मं बरं वाटलं. तिने संध्याकाळचा चहा सोडला, पण दुपारची झोप काही सुटेना. रात्रभर जागं राहिलेलं माणूस दुपारी आडवं होणार नाही तर काय करणार? आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिने गीताबाईच्या हातावर हात मारून वचन घेतलं, की हे कुणाला बोलायचं नाही. चंदाला तर नाहीच.

आता चंदापासून लपवण्यासारखं दोघींच्यात काय होतं? बाळंतपणं, सासवा, नवऱ्यांची व्यसनं, सगळं एकमेकींना पाठ. पण लीलाबाईची सासू म्हणायची, बाईचं ते गेलं का बाई म्हातारी झाली. ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं होतं. चंदा तिच्याएवढीच, पण अजून टणाटण चालायची, काळे केस मिरवायची आणि चिडवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे कळलं तर ती आपल्याला नळावर सगळ्यांदेखत 'बुढी' म्हणेल, अशी लीलाबाईला धास्ती वाटायची. म्हणून ती गप्प राहिली.

आणि मग मोह गळायला लागला.

दोघींच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एकमेकींना लागून आहेत. मधल्या बांधावर, धुऱ्यावर, मोहाचं एक झाड आहे, इतकं जुनं की ते कुणी लावलं हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे ते दोन्ही घरांचं. दोघींच्या सासऱ्यांनी त्यावरून एकदा काठ्या उचलल्या होत्या. तेव्हा गावाने बारी लावून दिली. फुलं गळायच्या दिवसांत एक दिवस या घराने वेचायची, एक दिवस त्या घराने. ही बारी कुठे मांडून ठेवायची नसते. रात्री झोपलं, सकाळी उठलं, की बारी बदलली, एवढा सोपा हिशेब. तो आजवर कधी चुकला नव्हता, कारण आजवर दोन्ही घरांतली माणसं रात्री झोपत होती.

त्या दिवशी लीलाबाईची बारी होती. तिने टोपली भरून फुलं वेचली, अंगणात वाळत घातली, चार घास खाल्ले आणि अशी आडवी झाली की दिवेलागणीलाच जागी झाली. बाहेर अंधूक उजेड होता, भोजराज तोंड धूत होता. तिला वाटलं सकाळ झाली. आज चंदाची बारी, आपल्याला घाई नाही, म्हणत ती सावकाश उठली. भोजराजने जेवायला मागितलं तेव्हा कुठे ही संध्याकाळ असल्याचं कळलं. पण डोक्यात बदललेली बारी काही मागे फिरली नाही. रात्र नेहमीसारखी तळमळण्यात गेली, पहाटेला जरासा डोळा लागला, आणि उठली तेव्हा बारी पुन्हा बदललेली. आता आपली! टोपली घेतली, झाडाखाली गेली आणि सगळा मोह वेचून घरी आली.

चंदा झाडाखाली पोचली तेव्हा तिथे फूल नावालाही नव्हतं.

नळावर गाठ पडली. चंदाने हंडा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवले. "काऊन व लीले, तुह्या घरी दिवसातून दोनदा रात होते का?"

लीलाबाईला म्हणावंसं वाटलं, हो गं बाई, अगदी तसंच होतं! पण भोवती पाच-सहा बायका कान टवकारून उभ्या होत्या. ती पुटपुटली, "चुकली वो माही. बारी ध्यानात नाई राहिली."

"इतके वर्स ध्यानात राहिली, अन् आताच काऊन नाई?"

"झोप... म्हंजे मले..."

"का झालं झोपाले?"

"काई नाई."

या 'काई नाई'ने सगळा घात केला. चंदाने तिच्याकडे असं पाहिलं, की लीलाबाईची मानच खाली गेली. ती घरी जाऊन फुलांची टोपली घेऊन आली आणि चंदाच्या ओसरीवर ठेवली. चंदाने ती उचलून भिंतीवरून जशीच्या तशी परत दिली. "चोरीचा मोह मले नाई पायजे," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लीलाबाई जागीच होती, हाकेची तिला गरज नव्हती. तरी ती अंथरुणावर पडून वाट पाहत राहिली आणि हाक येत नाही म्हणून तिला रडू आलं. झोप गेली होती ते एक वेळ सोसता आलं असतं. पण चंदा गेली तर या गावात आपलं राहिलं कोण, असं तिला वाटलं.

प्रायश्चित्त म्हणून आपल्या बारीला तिने फुलं वेचलीच नाहीत, चंदासाठी सोडली. चंदाही कमी नव्हती. तिने आपल्या बारीलाही ती उचलली नाहीत. मोह खाली पडून राहिला आणि गावातली मोकाट गुरं तृप्त झाली. एक गोऱ्हा तर खाऊन खाऊन असा रंगात आला, की भर दुपारी रस्त्याच्या मधोमध बसला आणि एसटीने हॉर्न वाजवला तरी हलेना. भोजराज म्हणाला, "तुमी दोघी भांडा, अन् ढोरायची चैन होऊन राहिली!" लीलाबाई हसली आणि लगेच तिला हसल्याचंच वाईट वाटलं.

त्या रात्री तिने ठरवलं, की बुढी म्हणू दे, म्हातारी म्हणू दे, नाचून गावभर सांगू दे. उद्या सकाळी चंदाला सांगायचंच. सकाळी चंदाची बारी होती. या खेपेला लीलाबाईने भोजराजला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

फटफटायच्या आधीच ती काळी शाल पांघरून झाडाखाली जाऊन बसली. फुलं टपटप पडत होती, हवेला गोड वास होता. मोहाच्या दिवसांत भालूही फुलं खायला येतो, म्हणून बायका वाटेने मोठमोठ्याने बोलत जातात, म्हणजे तो आधीच बाजूला होतो. एरवी या दोघी बोलत जायच्या. आज चंदा एकटीच होती, तेव्हा एकटीच मोठ्याने बोलत आली. आणि बोलायला तिला एकच विषय होता.

"मोठी आली लीला!" अंधारातून आवाज येत होता. "मोह नेला तर नेला! मोहाचं का घेऊन बसली? एका ताटात जेवलो आमी! वर्सभर पाहून राहिली मी, डोये खोल गेले हिचे, खात नाई, हसत नाई, अन् इचारलं तर म्हनते काई नाई! मले काई नाई म्हनते! मी का रस्त्यावरची होय?"

 मोहाचा राग कधीच नव्हता तर! लीलाबाई घाईने उठून उभी राहिली, आणि झाडाखालून काहीतरी काळं उठताना पाहून चंदाने किंकाळी फोडली आणि काठी उगारली.

"भालूऽऽ!"

"मी होय व, मी! मारू नको, चंदे!"

काठी हवेतच राहिली. मग चंदाला असं हसू फुटलं, की ती मटकन खालीच बसली. लीलाबाईही हसली, मग रडली, आणि रडता रडताच तिने सगळं सांगून टाकलं. घाम, ब्लँकेट, ट्रक, तेल, दुपारची झोप, दिवसातून दोनदा बदललेली बारी. "अन् तू मले बुढी म्हनशीन म्हून नाई सांगितलं," असं म्हणून तिने नाक पुसलं.

 चंदाने लीलाबाईच्या पाठीत एक धपाटा घातला. "बुढी नाई, येडी हायेस तू. बस आता इथंच," म्हणाली आणि टोपली घेऊन वेचायला लागली.

लीलाबाई बुंध्याला टेकून बसली. मनावरचं ओझं उतरलं होतं, पहाटेचा वारा अंगाला गार लागत होता, चंदाची बडबड जवळच चालली होती. त्या बडबडीतच कधीतरी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तिच्या तोंडावर मात्र सावली होती. चंदाने काठी रोवून शाल तिच्यावर बांधली होती आणि स्वतः उन्हात बसून गुरं हाकलत होती, तीसुद्धा आवाज न करता, नुसते हात हलवून. भोजराज शोधत आला होता, त्यालाही तिने तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं होतं. शेजारी दोन टोपल्या मोहाने काठोकाठ भरलेल्या होत्या.

लीलाबाई गडबडून उठली. "अवं, आज बारी कोनाची होती?"

"तुही," चंदा म्हणाली. "झोपाची. उद्या माही."

लीलाबाईला वाटलं, ही नेहमीसारखी चिडवते आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चंदा धुऱ्यावर आली ती टोपली न घेता. तिच्या काखेत उशी होती.

"असी का पाहून राहिली?" उशी बुंध्याशी टाकून आडवी होत ती म्हणाली. "मलेबी दिवाळीपासून झोप नाई. तू चिडवशीन म्हून नाई सांगितलं. चाल, वेच आता, अन् बोलत राय. तुहा आवाज आयकून बरं वाटते."