रोलरवर उभी थोरली

घरात तिला थोरली म्हणत, आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीतही तेच नाव चिकटलं. लहानपणापासून तिला फिट यायची. आधी क्षणभर जळक्या रबराचा वास, मग काहीच नाही. शुद्धीवर आली की भोवती पाय दिसायचे आणि पायांच्या वर माणसांचे चेहरे. फिटपेक्षा त्या चेहऱ्यांचीच तिला धास्ती. याआधी शिवणकामाच्या कारखान्यात असंच झालं, तेव्हा मालकाने तिच्याशी एक शब्द न बोलता वडिलांना फोन केला होता, तुमचं सामान घेऊन जा म्हटल्यासारखा.

लाँड्रीतली नोकरी एका संस्थेतल्या ताईंनी मिळवून दिली. अपंग माणसांना काम शोधून द्यायचं आणि ती रुळेपर्यंत त्यांच्या शेजारी उभं राहायचं, हेच ताईंचं काम. सुरुवातीला त्याही थोरलीबरोबर टेबलाशी उभ्या राहून अभ्र्यांच्या घड्या घालत.

"मुकादमांना सांगून टाकू या का?" त्या अधूनमधून विचारत. मुकादमांना एवढंच ठाऊक होतं की पोरीची तब्येत नाजूक आहे.

"नको ना, ताई."

"तू हो म्हटल्याशिवाय मी बोलणार नाही. पण रोलरवर तू जायचं नाहीस, एवढं कबूल कर."

थोरलीने कबूल केलं. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं लांबलचक यंत्र. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन निघते. ती त्याच्या जवळून जायचंही टाळायची.

थोरली रुळली तसं ताईंचं येणं कमी झालं, आणि नेमकी तेव्हाच रोलरवरची बाई आजारी पडली.

"थोरले, आज तू रोलरवर," मुकादम म्हणाले आणि पुढे गेले.

 नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की वडिलांना फोन. ती मुकाट्याने रोलरपाशी गेली. अंगावर गरम वाफ येत होती. एक चादर सरकवली. दुसरी उचलली आणि रबराचा वास आला. तो वास तिचा की यंत्राच्या पट्ट्याचा, काही कळेना. तिने चादर टाकली, मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

मुकादम धावत आले. "काय झालं गं?"

"मला फिट येते," ती कशीबशी म्हणाली. "इथे आली तर हात आत जाईल."

मुकादमांनी आधी यंत्र बंद केलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

फिट आली नाही. पण बाहेरच्या बाकावर ती बसून राहिली. आत मुकादम फोनवर बोलत होते. वडिलांशीच बोलत असणार, ती धरूनच चालली.

फोन ताईंना गेला होता. त्या आल्या तसे मुकादम उसळले. "हात गेला असता म्हणजे? मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

"तिने सांगितलं म्हणून तर वाचला," ताई म्हणाल्या.

 मुकादम हळूच म्हणाले, "मला सुचत नाही हो अशा वेळी. करायचं तरी काय?"

ताईंनी सगळ्यांना बोलावून समजावलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, फिट थांबेनाशी झाली तर डॉक्टर. "डॉक्टर वरच्या मजल्यावर, आणि मऊ कपड्यांचा तर इथे ढीगच," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. सगळे हसले. थोरलीला हसू आलं नाही. आता सगळ्यांनाच ठाऊक झालं, या विचाराने तिला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि एके दिवशी फिट आलीच, ऐन कामाच्या घाईत. डोळे उघडले तेव्हा भोवती गर्दी नव्हती. मावशी तेवढ्या शेजारी फरशीवर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या.

"पडून राहा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या घड्या वाकड्या होतात, त्यावर काही बोलू नकोस."

दाराशी मुकादम उभे होते, घामाघूम. "घरी फोन करू, की थांबतेस?" त्यांनी तिलाच विचारलं.

"थांबते," ती म्हणाली.

थोरली अजून त्याच टेबलाशी आहे. भीती गेली म्हणावं, तर तसं नाही. सकाळी निघताना पाय जड होतात. आई दारात येऊन विचारते, "बरं वाटतंय ना?" आईच्या आवाजातही भीतीच असते. थोरली "हो" म्हणते, चपला घालते आणि कामाला जाते.